निरोप कुणी न्यायचा?

१९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांवरचा एक निबंध छापून आला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि ‘सर्च’ संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. एकेकीच्या वाट्याला सरासरी ३.६ आजार. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढंच धरून चाललेल्या जगभरच्या धोरणांना या आकड्यांनी हलवलं.

पण लैंगिक संसर्ग एकाच शरीरात कधी राहत नाही. तो तिच्यात सापडला म्हणजे आणखी कुणात तरी आहे, आणि त्या कुणाला तरी कळवल्याशिवाय तिचा उपचार अर्धाच राहतो. आज गोळ्या घेतल्या, महिन्याभराने पुन्हा तेच दुखणं. हे कळवायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यांत आजही रोज येतो. आता त्यावर मोबाइलचं उत्तर पुढे केलं जातंय. जगात काही ठिकाणी ते चाललंही आहे.

या उत्तराच्या दोन बाजू मांडण्यासाठी मी दोन माणसं कल्पिली आहेत. मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी राहते. सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली. भाचा पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि आरोग्य खात्याला देता येईल असं एक साधन बनवायला घेतोय. दोघांचाही हेतू निर्मळ आहे, म्हणून त्यांचं भांडण ऐकण्याजोगं आहे.

भाचा : मावशी, एक ट्रकचालक धर. सूरजागडचं लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टी रस्त्याने जातो-येतो. लघवीला जळजळ, पू. चंद्रपूरच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टर त्याला करडं किट देतात, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. तो बरा होऊन कामाला लागतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्यांच्याशी त्याचा संबंध आला, त्यांना कोण सांगतं?

मावशी : त्यालाच सांगायला लावायचो आम्ही. हातात चिठ्ठी द्यायचो. जोडीदाराने ती दाखवली की जास्त काही न विचारता तपासायचं, औषध द्यायचं.

भाचा : किती चिठ्ठ्या परत यायच्या?

मावशी : थोड्या. बायकोला कधीमधी घेऊन यायचे. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या खिशातच राहत असतील. बाईच्या घरी पोचल्या असत्या तर आमच्याकडे आल्या असत्या.

भाचा : तेच बदलायचंय मला. २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘इनस्पॉट’ नावाची सेवा सुरू झाली. ज्याला आजार निघाला तो जोडीदाराला ई-कार्ड पाठवायचा, हवं तर नावानिशी, हवं तर निनावी. २००८मध्ये मेलबर्नच्या लैंगिक आरोग्य केंद्राने ‘लेट देम नो’ काढलं, त्यात एसएमएसही पाठवता यायचा. माझं साधन असं : तपासणी झाल्यावर नर्सच्या टॅबवर माणूस स्वतःच नंबर टाकतो. पलीकडे निरोप जातो की तुमची तपासणी होणं गरजेचं आहे, हा कोड कुठल्याही सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा. पाठवणाऱ्याचं नाव नाही. दवाखान्याच्या कोडशिवाय निरोप निघतच नाही, म्हणजे कुणी खोडी म्हणूनही पाठवू शकत नाही.

मावशी : आणि ज्या बाईचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलाय, तिला हा निनावी निरोप आला तर?

भाचा : तर काय?

मावशी : तर तो निनावी कुठे राहिला बाबू? नवऱ्याचं नाव त्यावर छापल्यासारखंच झालं. आणि उलटं धर. बाई दवाखान्यात आली, तिने टॅबवर नवऱ्याचा नंबर टाकला. त्याला निरोप गेला. त्याचं बाहेर कुठे काही नसेल तर कुणी पाठवला ते त्याला त्याच क्षणी कळेल. असेल, तरी तो आधी बायकोवरच जाईल.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या विषयावरच्या चर्चेत मावशीचा हा हिशेब क्वचितच मांडला जातो. ज्याचे जोडीदार एकाहून अधिक आहेत, त्याच्याच बाबतीत निनावीपणा खरा असतो. ही साधनं ज्या शहरांत आणि ज्या समूहांत आधी रुजली, तिथे हे गृहीत बऱ्याच अंशी बरोबर होतं. इथल्या सिंदेवाही किंवा कुरखेड्याच्या घरात ते बरोबर नाही. परदेशातल्या अभ्यासांतही हेच दिसलंय की नेहमीच्या जोडीदाराला लोक शक्यतो समोरासमोर किंवा फोनवर बोलून सांगू पाहतात, आणि ओझरत्या संबंधातल्या माणसासाठी तयार निरोपाचा आधार घेतात. म्हणजे साधन कामाचं आहेच, फक्त ते लग्नाच्या नात्यात नेऊन ठेवलं की त्याचा स्वभाव बदलतो.

भाचा : मग निदान गरोदर बायकांच्या नवऱ्यांना तरी कळवायला नको? बाईला सिफिलिस असेल आणि वेळेवर पेनिसिलिन मिळालं नाही, तर मूल पोटातच दगावू शकतं. एका इंजेक्शनने वाचणारं मूल.

मावशी : त्या पेनिसिलिनसाठी मी किती बायकांच्या घरच्यांशी भांडले आहे. पण नीट बघ, या रोगाची चाचणी घरात सगळ्यात आधी कुणाची होते? तिची. पोट राहिलं की तिचं रक्त घेतात, एचआयव्हीसाठी आणि सिफिलिससाठी. नवऱ्याचं तेव्हा सहसा घेत नाहीत. मग आजार पहिल्यांदा तिच्या कागदावर येतो. आणला असेल त्याने, तेलंगणातल्या खम्ममच्या मिरची तोडणीवरून किंवा कुठल्या ढाब्यावरून. पण तिचं आधी कळलं, म्हणून घरात आरोपी तीच. सासू विचारते, तू कुठून आणलंस? तुझा निरोप या सगळ्यावर शिक्काच मारणार.

भाचा : म्हणजे कळवूच नये?

मावशी : असं कुठे म्हटलं मी? तुझा निरोप सगळ्यांना पाठव. जिचं निदान झालं तिच्याच नवऱ्याला कायले? गावात जेवढ्या गरोदर बायका नोंदवल्या, तेवढ्या सगळ्यांच्या नवऱ्यांना पाठव : बाळासाठी तुमचंही रक्त तपासायचं आहे, अमुक दिवशी या. सगळ्यांना एकच निरोप गेला तर त्यात कुणी एकटी उघडी पडत नाही. ज्याच्यात निघेल त्याच्याशी मग आम्ही बोलू, दार लावून.

भाचा : हे मी का नाही लिहिलं?

मावशी : कारण तुझं साधन आजारी माणसापासून सुरू होतं.

मला मावशीची ही सूचना सगळ्यात पुढची वाटते, आणि ती अंमलात आणायला नवं तंत्रज्ञान जवळपास लागत नाही. गरोदरपणाची नोंद सरकारकडे असतेच, बरेचदा त्यात फोन नंबरही असतो. लागतं ते नवऱ्याच्या रक्तासाठी एक चाचणी किट आणि त्याला यायला जमेल अशी वेळ.

भाचा : ठीक आहे, लग्नाचं नातं बाजूला ठेवू. पण पांढरं जाणं घे. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका तेच सांगतात ना? त्यांना हिरवं किट देता, जोडीदाराला काहीच नाही. पुन्हा होणारच ते.

मावशी : हे तू बोललास ते फार जोखमीचं आहे. तुला वसा-अमिर्झाचे आकडे माहीत आहेत?

भाचा : ९२ टक्के.

मावशी : तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आत वाच. जिवाणूंच्या बिघाडाने होणारा योनिदाह ६२ टक्के, कॅन्डिडाची बुरशी ३४. सिफिलिस १०.५ आणि गनोरिया ०.३. म्हणजे पांढरं जाण्यामागचं मुख्य कारण संबंधातून येणारा रोग नसतोच. मी ज्यांना सांगितलं असतं ‘नवऱ्याला घेऊन ये’, त्यांच्यातल्या किती जणींच्या घरात मी उगाच संशय पेरला असता? लक्षणं बघून उपचार करायची पद्धत प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी औषधासाठी ठीक आहे. औषध चुकलं तर फार तर दोन गोळ्या जास्त गेल्या. निरोप चुकला तर बाई माहेरी पाठवली जाते.

भाचा : पण २०२५मध्येच ऑस्ट्रेलियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्या योनिदाहातही पुरुष जोडीदाराला औषध दिलं की तो परत उलटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, असं त्यात दिसलं.

मावशी : तर दोघांना औषध द्या, आनंदाने द्या. पण मोबाइलवर ‘तुम्हाला लैंगिक संसर्ग असू शकतो’ असं लिहून नको. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, मार्गदर्शिकेतही हा फरक आहे. पुरुषाला पू येत असेल तर अलीकडच्या सगळ्या जोडीदारांवर उपचार. बाईचं पांढरं जात असेल, तर आधी तिच्यावर उपचार, आणि गुण आला नाही किंवा त्यालाही त्रास असेल तरच त्याला बोलवा. ज्यांनी हे लिहिलं त्यांना घर कसं मोडतं ते माहीत होतं.

साधन बनवणाऱ्याला निरोप पाठवण्याची यंत्रणा दिसते, निदानाची दिसत नाही. म्हणून हा मुद्दा मी मुद्दाम लांबू दिला. एसएमएस सेकंदात पोचतो, पण त्याच्या मागचं निदान जितकं कच्चं, तितक्याच वेगाने चूकही पोचते. चंद्रपूर-गडचिरोलीत जिथे रक्ताची किंवा स्रावाची खरी चाचणी झालेली नाही, तिथून एकही निरोप निघू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि या देशात या कामाला एक जुना डागही आहे. १८६८ साली इंग्रजांनी हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून धंदा करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि रोग निघाला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडणं. सैनिक मोकळे. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्याविरुद्ध उठवलेला आवाज इथपर्यंत पोचला आणि १८८८मध्ये इथला कायदा रद्द झाला. संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्व्यांनी पुढे ‘गुप्तरोगांपासून बचाव’ लिहिलं तेव्हा त्यांचा सूर वेगळा होता : माणसाला माहिती द्या, लाज काढून टाका, तो स्वतःचा बचाव करील. जोडीदाराला कळवण्याचं कुठलंही साधन या दोनपैकी कुठल्या बाजूला उभं आहे, हे आधी विचारायला हवं.

भाचा : तू मला इंग्रजांच्या रांगेत बसवू नकोस. मी कुणाची नोंदणी करत नाहीये. नंबर पाठवून झाला की पुसून टाकणार.

मावशी : पुसला, तर निरोप मिळाला की नाही हे कसं कळेल?

भाचा : कोड दवाखान्यात आला की कळेल. नाही आला तर नाही कळणार.

मावशी : मलाही नाही कळायचं. ते चालेल. पण नंबर ठेवू नको. आमचं रजिस्टर कपाटात असायचं, किल्ली माझ्याकडे. तुझ्या यंत्रात कुणाचा कुणाशी संबंध आला याचा सगळा नकाशा तयार होतो. तो नकाशा तालुक्याच्या गावात फुटला तर माणसं जीव देतील.

भाचा : पण कायदा काय म्हणतो बघ. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा. त्यात डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जोडीदाराला सांगायची मुभा आहे.

मावशी : तो १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला तेव्हा मी नोकरीत होते, कलम नऊ पाठ आहे मला. मुभा आहे, पण किती पायऱ्या चढून! आधी त्या माणसाला समजावा. तो सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे. जोडीदाराला खराच धोका असला पाहिजे. ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी कळवलं पाहिजे. मग जोडीदाराला प्रत्यक्ष भेटून सांगायचं, समुपदेशनासह. आणि शेवटी, बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर तिच्या नवऱ्याला सांगायचंच नाही. एचआयव्हीचा निरोप तुझ्या टॅबवरून गेला तर यातली कुठली पायरी उरते?

भाचा : एचआयव्ही मी वगळतो. मान्य.

इथवर मावशी जिंकत आली आहे असं वाटेल. पण भाच्याकडे जे सांगण्यासारखं आहे, ते दवाखान्यात बसणाऱ्याला दिसत नाही.

भाचा : आता माझं ऐक. तू म्हणतेस दार लावून बोलू. ते दार कुठे आहे? तालुक्याच्या रुग्णालयात. बाहेर बाकावर कोण बसलंय? शेजारच्या गावातला माणूस. त्या दारातून आत जाणं हेच गावभर कळणं असतं. तुझ्याशी बोलायला आलेल्यांपैकी किती जण दारापर्यंत येऊन परत गेले, हे तुझ्या रजिस्टरमध्ये नाही.

मावशी : नाही.

भाचा : आणि जे पुरुष पुरुषांना भेटतात ते? चंद्रपूर, बल्लारपूर, वणीची मुलं ॲपवर भेटतात. समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७चा निकाल लागून इतकी वर्षं झाली तरी घरी कुणाला माहीत नाही. एकमेकांचं खरं नावही माहीत नसतं, ॲपवरची ओळख तेवढी असते. त्यांच्यात सिफिलिस निघाला तर तुझी चिठ्ठी कुणाच्या हाती द्यायची? तिथे निनावी निरोप हाच एक रस्ता आहे. तिथे तुझा हिशेबही उलटतो, कारण जोडीदार एकाहून अधिक असतील तर कुणी पाठवलं ते कळत नाही.

मावशी : ती मुलं माझ्याकडे आलीच नाहीत कधी.

भाचा : म्हणून म्हणतो.

मावशी : त्यांच्यासाठी कर. त्यांच्यापासूनच सुरू कर. पण त्यांनाही विचारून कर. त्यांच्यातल्याच कुणाला सोबत घे.

भाचा : आणि ट्रकवाला? मिरचीला गेलेला?

मावशी : त्यालाही चालेल. तो तेलंगणात, मी मूलमध्ये. फोनशिवाय तो मला मिळणारच नाही. पुरुषाला पाठव, बाहेरगावी पाठव, दवाखान्याच्या कोडाने पाठव. पण घरातल्या बाईच्या नंबरवर पाठवताना हात आखड. तिचा फोन तिचा नसतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचं सांगितलं. उरलेल्यांचा निरोप नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या हातात पडणार. भामरागड-एटापल्लीकडे भाषेचाही प्रश्न आहे. माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठीतला एसएमएस कितीसा उमगणार? शेजारच्या छत्तीसगडात २०१०पासून ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवर आवाजातून गोंडीत बातम्या देऊन-घेऊन दाखवल्या. मिस्ड कॉल दिला की उलट फोन येतो, आपल्या भाषेत ऐकता येतं, विचारताही येतं. भाच्याने लिहिलेल्या मजकुरापेक्षा मला हा रस्ता या जंगलासाठी योग्य वाटतो. शिवाय त्यात लिंक नाही. बँकेच्या आणि विजेच्या बिलाच्या नावाने फसवणारे निरोप ज्यांच्या फोनवर रोज येतात, ते अनोळखी लिंकवर बोट ठेवणार नाहीत, आणि ठेवू नयेही. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा सरकारी नंबर निरोपात दिला तर खरंखोटं पडताळायला माणसाला जागा राहते.

भाचा : मग पहिल्या पडद्यावर काय ठेवू? नंबर टाकायच्या आधी?

मावशी : विचार की या निरोपाने तुला कुणी मारेल का, घराबाहेर काढेल का. हो म्हटलं, किंवा नुसतं उत्तर द्यायचं टाळलं, तरी नंबरचा चौकोन उघडू नको. नर्सला कळव. तिला वेळ काढून बोलू दे.

भाचा : नर्सला वेळ नसेल तर?

मावशी : तर तिथे तुझं साधन बसवायचंच नाही. माणसाऐवजी ते मागवत असतील तर नाही म्हण.

भाचा : ते मला म्हणता येणार नाही, मावशी. निर्णय माझा नसतो.

मावशी : मग अटीत लिही. बरं, आणखी एक. कोड घेऊन तो पोरगा अहेरीला पोचला, दिवसाची मजुरी बुडवून. आत गेला. आणि किट संपलेलं असेल तर?

भाचा : साठ्याची माहिती साधनाला जोडता येईल. जवळच्या केंद्रात औषध असेल तरच निरोप निघेल, आणि त्यात त्याच केंद्राचं नाव जाईल.

मावशी : सिफिलिसचं पांढरं किट नुसतं असून भागत नाही. त्यात पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे. रिॲक्शनच्या भीतीने कितीतरी ठिकाणी ते टोचत नाहीत, पुढच्या दवाखान्यात पाठवतात. तो पुढे जात नाही, घरी जातो. साठा नको विचारू. त्या दिवशी तिथे पेनिसिलिन टोचणारा माणूस हजर आहे का, ते विचार.

भाचा : ते रोज कोण भरणार?

मावशी : तिथली नर्स. सकाळी एक बटण, हो किंवा नाही. तेवढं करतील त्या. आधी चार केंद्रांवर करून बघ. मूल, सिंदेवाही, चामोर्शी, अहेरी. तिथल्या बायांची नावं मी देते तुला.